बुटका लार्च : पानगळ म्हणजे मरण नव्हे
(रोपवाटिकाधारकांच्या मेळाव्यातील भाषण)



परदेशी शोभिवंत झाडांची चित्रे पाहून काहीजण विचारतात, "साहेब, बुटक्या लार्चची रोपे आणावीत का?" उत्तर देण्यापूर्वी झाडाची ओळख करून घेऊ.

देवदार, चीड ही सूचिपर्णी झाडे बारमाही हिरवी असतात. लार्चही सूचिपर्णीच, परंतु त्याची पाने हिवाळ्यापूर्वी सोनेरी होऊन गळतात. युरोपीय लार्च आल्प्स पर्वतात, जपानी लार्च होन्शू बेटाच्या डोंगरात, तर हिमालयी लार्च आपल्या सिक्कीमच्या उंच भागात आढळतो. मूळ वृक्ष २५-३० मीटर वाढतो. 'ब्ल्यू ड्वार्फ' ही जपानी लार्चची बुटकी, निळसर पानांची, सावकाश वाढणारी जात छोट्या बागेत व कुंडीतही चालते.

युरोपातील माळी पुढीलप्रमाणे काळजी घेतात :

१) जागा भरपूर उन्हाची निवडावी.

२) जमीन ओल धरणारी, परंतु उत्तम निचऱ्याची असावी. पाणी साचू देऊ नये.

३) लागवड झाडाच्या विश्रांतीच्या काळात, नोव्हेंबर ते मार्चमध्ये, जमीन गोठलेली नसताना करावी. कलमाचा जोड मातीवर ठेवावा.

४) पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये. आच्छादन खोडाला टेकवू नये.

५) खुंटावरची फूट वेळीच काढावी. खुंट उंच वाढणाऱ्या लार्चचा असतो. आंब्याच्या कलमाप्रमाणेच, दुर्लक्ष झाल्यास खुंट वाढतो आणि बुटकी जात मागे पडते.

हिवाळ्यात निष्पर्ण झालेले झाड मेले समजून नवखा माणूस ते उपटून टाकतो. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत आहे. आपले सीताफळही पाने गाळून पुन्हा फुटतेच ना?

आता मूळ प्रश्न. लार्चची ही विश्रांती दीर्घ थंडीवर अवलंबून असते. सफरचंदाप्रमाणेच पुरेशी थंडी मिळाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत. आपला सौम्य हिवाळा आणि ४० अंशांचा उन्हाळा त्याला मानवणार नाही. म्हणून महाराष्ट्राच्या मैदानी भागात विक्रीसाठी ही रोपे आणून भांडवल अडकवू नका.

कोणतेही नवे रोप घेताना चित्रापेक्षा त्याचे मूळस्थान पाहा. तेथील थंडी, ऊन व पाऊस आपल्याशी जुळतात का, हे विचारूनच पैसे मोजा.