सूत कुठलं? इचलकरंजीच्या हार्डवेअर दुकानातली एक दुपार

घरी थोडंफार सुतारकाम सुरू करायचं तर आधी काय विकत घ्यायचं, असं मला बरेच जण विचारतात. आज यादी देत नाही, एक दुपार सांगतो. कारण मी स्वतः यादी घेऊन दुकानात गेलो होतो आणि यादीतलं जवळजवळ काहीच न घेता परत आलो.

आमच्या घरचे चार साधे माग गेल्या वर्षी भंगारात गेले. इचलकरंजीत यात आता नवल राहिलेलं नाही. 1904 साली जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनानं विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून हे गाव खडखडाटात झोपतं आणि खडखडाट थांबला की जागं होतं. आता धोट्याचे माग जातायत, बिनधोट्याचे येतायत. आमचे माग वजनावर गेले, पण वडिलांची पेटी राहिली.

वडील जॉबर होते. माग लोखंडाचा असला तरी त्याचा धोटा लाकडी आणि धोट्याला फटका देणारी काठीही लाकडी. धोटा जरा खरबरीत झाला की ताणा तुटतो. म्हणून त्यांच्या पेटीत पान्यांच्या शेजारी एक लाकडी रंधा, दोन पटाश्या आणि एक गुण्या असायचा. वडील गेल्यापासून पेटीला कुणी हात लावला नव्हता.

आईच्या गुडघ्यांना आता खाली बसणं होत नाही. देवापुढं बसायला तिला बेताच्या उंचीचं स्टूल पाहिजे होतं. मी प्लास्टिकचं आणतो म्हणालो, तर म्हणाली, "पेटी उघडून बघ की. नुसती ठेवून काय लोणचं घालणार हाईस?"

आता मी माझी चूक कबूल करतो. पेटी न उघडता मी आधी मोबाईलवरून सहा पटाश्यांचा सेट मागवला. बाराशे रुपये. बाभळीच्या तुकड्यावर पहिल्याच ठोक्याला धार वळली, कागदासारखी. मग मी ठरवलं की आपल्याला मशीनच पाहिजे. यादी केली: इलेक्ट्रिक रंधा, ड्रिल, चांगल्या पटाश्या, टेप, स्क्रू. आणि गेलो बाजारात.

आमच्या गावातली जुनी हार्डवेअरची दुकानं तुम्हाला माहीत असतील. अर्धं दुकान मागाच्या स्पेअरचं, अर्धं सुतार-गवंड्यांचं. काउंटरवरच्या काकांनी माझी यादी वाचली, उलटी ठेवली आणि विचारलं, "हे र्‍हाऊ दे. करायचंय काय?"

मी सांगितलं, स्टूल.

"कुणासाठी? उंची किती?"

उंची मी मोजलीच नव्हती. काका म्हणाले, "आईला खुर्चीत बसवा, पाय जमिनीला टेकवा, गुडघ्याच्या मागं मोजा. त्याच्यापेक्षा बसायची जागा खाली गेली तर उठताना त्रास. गुडघा दुखतोय म्हटल्यावर एखादा इंच वर चालंल. मग किती इंच, किती सूत, ते सांगा."

आता सूत म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? 32 नंबर, 40 नंबर! सुताराचं सूत वेगळं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, साधारण सव्वातीन मिलिमीटर. आणि दुकानातला नंबर हा तर गंमतीचाच प्रकार. धाग्याचा नंबर वाढला की धागा बारीक. पॉलिश पेपरचंही तसंच, 80 नंबर खरबरीत आणि 220 मऊ. पण लाकडाच्या स्क्रूचा नंबर वाढला की स्क्रू जाड. आठ नंबरचा स्क्रू सहापेक्षा जाड असतो. सूतगिरणीच्या हिशोबानं स्क्रू मागितलात तर हमखास चुकाल. मी चुकलो.

मग टेप. मी म्हटलं, चांगला द्या, घरच्याचं टोकाचं पत्र्याचं नाक हलत होतं, मी ठोकून घट्ट केलं. काका हसायलाच लागले. ते नाक हलण्यासाठीच असतं. बाहेरून अडकवून मोजताना ते ओढलं जातं, आतून टेकवून मोजताना दाबलं जातं, आणि दोन्हीकडं बरोबर स्वतःच्या जाडीइतकं सरकतं. म्हणून दोन्ही मापं जुळतात. मी ते ठोकून दोन वर्षं चुकीची मापं घेत होतो. टेप घेतला. यादीतली तेवढीच एक वस्तू.

पटाशीपाशी आलो तेव्हा मी पेटीचं सांगितलं. काका म्हणाले, "पेटी घेऊन या. मग काय लागंल ते देतो." स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस! गेलो घरी, आणली पेटी. दुकानात गर्दी नव्हती. त्यांनी गुण्या काढला, फळीच्या सरळ कडेला लावून पेन्सिलनं रेघ मारली. मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक बसल्या. "नवीन गुण्या घेताना पण हे करून बघायचं. चूक असली तर दुप्पट दिसती." ही युक्ती लक्षात ठेवा मंडळी, फुकट आहे.

मग रंध्याचं पातं ठोकून बाहेर काढलं. गंजलेलं होतं, पण त्यांनी नखानं टोक तपासलं आणि म्हणाले, "पोलाद चांगलं हाय. धार नाही, एवढंच." आणि मला सांगितलं की नवीन पटाशी किंवा रंधासुद्धा दुकानातून कामाला तयार म्हणून येत नाही. कारखान्यातून येतो तो नुसता उतार. धार आपण लावायची. आपल्याशेजारी मिरजेत तंतुवाद्यं करणारी जी घराणी आहेत, ती मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती तंबोऱ्या-सतारींकडं वळली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. काका म्हणाले, "आधी धार आली, मग सतार आली."

मला मिळाला दोन बाजूंचा एक दगड, एक बाजू खरबरीत, दुसरी मऊ. कृती अशी: आधी पात्याची पाठ सपाट करायची, कारण धार दोन बाजूंनी होते. मग उतार घासायचा. उताराची रुंदी पात्याच्या जाडीच्या दुप्पट ठेवली की कोन 30 अंशांचा येतो, कोनमापक लागत नाही. घासत राहिलं की पाठीमागं बारीक कड उलटते, बोटाला जाणवते. ती आली की मऊ बाजूवर जायचं आणि कड काढून टाकायची. पातं रंध्यात बसवताना केसभरच बाहेर ठेवायचं.

त्या रात्री दोन तास दगडावर गेले. साडेदहाला पहिली ढलपी निघाली, लांबलचक, दिव्यासमोर धरली तर पलीकडचं दिसेल अशी पातळ. आवाज ऐकून आई आतून उठून आली. काही बोलली नाही, ढलपी उचलून वास घेतला आणि घेऊनच गेली.

स्टुलाला तीन आठवडे लागले. पायांना चौकोनी भोकं पाडून आडव्या पट्ट्यांची कुसं बसवली, त्यामुळं स्क्रू लागलेच नाहीत. उंची साडेसतरा इंच. एक पाय सूतभर आखूड आहे. मी कापून नीट करतो म्हटलं, तर आईनं मागाखालची जुनी चिंधी घडी करून त्याखाली घातली. "र्‍हाऊ दे. तुझे वडील पण मागाला असंच करायचे."

तर पहिलं हत्यार कोणतं? दुकानात जाण्याआधी घरातली पेटी उघडा, काय करायचंय आणि कुणासाठी ते ठरवा, माप घ्या. मग जो दुकानदार भाव सांगण्याआधी काम विचारतो, त्याच्याकडं जा. तो जो दगड देईल तो घ्या. बाकीची यादी पुढच्या महिन्यात केली तरी चालते.

तुमच्या घरातल्या पेटीत काय निघालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.