मला न जमलेले खेळ
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



‘पंचवीस वर्षांत काय बदललं’ यावर बोला, असं समितीने मला सांगितलं. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स डीड यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. हसू नका. हे खेळ मला आवडावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण ते आवडत नाहीत. ही अडचण आज सभेपुढे ठेवतो.

आधी कबुली. मी सेक्रेटरी असताना बोर्डावर एक नोटीस लावली होती : ‘जिन्यात बसून मोबाईलवर खेळण्यास सक्त मनाई आहे.’ खाली सही माझीच. पोरं जिन्यातून उठून गच्चीच्या दारापाशी जाऊन बसली, एवढाच फरक पडला. त्यांत माझा नातूही होता.

त्याच सुमारास एकदा तो म्हणाला, “आबा, खेळता का माझ्याबरोबर?” खेळ होता माइनक्राफ्ट. मूळ स्वीडनचा, २०११ साली पूर्ण स्वरूपात आला आणि आजवर त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. त्यात सगळंच चौकोनी. झाड चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी! डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने मान वळवायची. मी कधी आभाळाकडे बघत होतो, कधी स्वतःच्या पायांकडे. पाच मिनिटांत गरगरायला लागलं. विचारलं, “अरे, यात जिंकायचं कसं?” तो म्हणाला, “जिंकायलाच पाहिजे असं नाही आबा. आपल्याला हवं ते बांधायचं.” आता बँकेत जन्म गेलेल्या माणसाला टार्गेट नाही, क्लोजिंग नाही, म्हणजे काय करायचं तेच कळेना.

त्यात २० मिनिटांचा एक दिवस असतो. अंधार पडला की भुतं निघतात. क्रीपर नावाचं एक हिरवं भूत गुपचूप मागून येतं आणि फुटतं. ते माझ्या मागे लागलं, मी नातवाच्या घराच्या भिंतीला टेकून उभा, आणि धडाम! आठवडाभर खपून बांधलेली भिंत गेली. ‘चुकलो रे’ म्हणायचं सोडून मी म्हणालो, “कसला हा वेडेपणा! जा, अभ्यास कर.” त्यानंतर दोन वर्षं त्याने मला पुन्हा विचारलं नाही.

ते मला लागलं. का, तेही सांगतो. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर आपण इंग्लंडला हरवलं, तेव्हा मी कॉलेजात होतो, रेडिओला कान लावून बसलेला. वडील म्हणाले, “काय ठेवलंय त्यात?” आणि रेडिओ बंद केला. माणूस फार चांगला, पण तो दिवस मी विसरलो नाही. तेच मी नातवाला केलं होतं.

मग मी गुपचूप शिकवणी सुरू केली. मारिओ १९८५ चा. पहिलंच अळंबीसारखं बुटकं समोरून चालत येतं, त्यालाच धडकून मी कितीदा मेलो याचा हिशेब नाही. पॅराशूटने शंभर जण उतरतात तो बंदुकांचा खेळ आहे ना, त्यात मी एका खोलीत दार लावून बसून राहिलो आणि बराच वरचा नंबर आला. बँकेत प्रमोशन मिळाली ती अशीच! त्यातल्या त्यात जमलं ते टेट्रिस, मॉस्कोत १९८४ साली अलेक्सेई पाजितनोव यांनी केलेलं. जुळलेली ओळ निघून जाते, न जुळलेली डोक्यावर बसते. हे तर आमचं रिकन्सिलिएशन! पण वेग वाढला की तिथेही माझं दिवाळं.

गेल्या दिवाळीत नातवाला म्हटलं, “ती भिंत माझ्यामुळे पडली रे.” तो म्हणाला, “कुठली भिंत?” तो विसरलाही होता. मग त्याने त्या चौकोनी ठोकळ्यांत बांधलेली आपली बिल्डिंग दाखवली. जिना, गच्ची, टाकी, सगळं जागच्या जागी. खाली नोटीस बोर्ड होता आणि त्यावर माझी नोटीसही होती. मी हसलो खरा, पण मनातून ओशाळलो.

खेळ मला आजही आवडत नाही. खोटं कशाला बोलू? पण रोज दहा मिनिटं मी त्याच्या शेजारी बसतो, ‘हे काय, ते कशाला’ विचारतो. तो सांगतो. त्या ओघात शाळेतलंही सांगतो, जे एरवी आम्हाला कळत नव्हतं.

ज्येष्ठांनो, डोळे आणि अभ्यास सांभाळून खेळा, हे मुलांना जरूर सांगा. पण आधी एकदा शेजारी बसा. मुलांनो, आमचे अंगठे हळू चालतात, ‘वळवा, वळवा’ म्हणून ओरडू नका. आणि सेक्रेटरीसाहेब, ती नोटीस अजून बोर्डावर आहे. उद्या सकाळी मी स्वतः येऊन काढतो, तेवढी काचेची किल्ली द्या.