स्वागताचा पास

(मुदखेडला कॉलेजच्या पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच दिलं आहे, थोडं आवरून.)



विषय तुम्हाला माहीत आहे. नांदेडच्या कॉलेजांत नवं वर्ष सुरू झालं की 'वेलकम'चा हंगाम येतो. कुठं एक रात्र, कुठं तीन दिवस, कुठं आठवडाभर. डी.जे., टी-शर्ट, रात्रीचं जेवण, मिस्टर फ्रेशर, मिस फ्रेशर. आणि या सगळ्याचा पास. तुमच्यातल्या कुणाकडं चारशे मागितलेत, कुणाकडं सहाशे, एका पोरीकडं आठशे. पाचसहा जणांनी मला गाठून विचारलं, "दादा, भरायचे का नाही भरायचे?"

आता काही शहाणे म्हणतील, चळवळीच्या बैठकीत हा काय विषय झाला? अत्याचारावर बोला, आरक्षणावर बोला, पार्टीच्या पासावर काय बोलता? मी म्हणतो, ज्याच्या खिशातून सहाशे जाणार आहेत त्याला आज रात्री हाच विषय झोपू देत नाही. त्याला वाऱ्यावर सोडून आपण जागतिक भांडवलशाहीवर बोलत बसलो तर ते बोलणं त्याच्या काय कामाचं?

आधी हिशोब. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हाची. २०२१ साली केंद्रानं तिचे दर सुधारले. बी.ए., बी.कॉम.सारख्या साध्या पदवीला वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाचा निर्वाहभत्ता ६००० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला ३०००. मुदखेडहून नांदेडला ये-जा करणारा म्हणजे तीन हजारवाला. भागा बारानं. महिन्याला अडीचशे. म्हणजे सहाशेचा पास हा तुमचा दोन महिने बारा दिवसांचा निर्वाह झाला, एका रात्रीत नाचून संपवायचा. बरं, हा भत्ता अजून खात्यावर आलेलाही नाही. महाडीबीटीवर फॉर्म भरा, उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला खेटे घाला, आधार जोडा, त्रुटी निघाली की पुन्हा भरा. मागच्या वर्षाचे पैसे न आलेली पोरं इथं बसलीत, हात वर करा म्हणत नाही. मग पासाचे सहाशे येतात कुठून? मायच्या मजुरीतून, नाहीतर दोस्ताच्या उसनवारीतून.

तो पास शब्दच बघा ना. आपण जंक्शनवाले, पास आपल्याला नवा नाही. रेल्वे पोरींना पदवीपर्यंत आणि पोरांना बारावीपर्यंत शिक्षणासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास फुकट देते. एस.टी. विद्यार्थ्याच्या मासिक पासात दोन तृतीयांश सूट देते. घरापासून कॉलेजच्या गेटपर्यंत आणायला सरकार एवढा खर्च करतं, आणि गेटाच्या आत, त्याच कॉलेजच्या मैदानावर, पन्नास पावलं जायला सहाशे रुपये! ही पन्नास पावलं एवढी महाग कुणी केली?

आता नियमाकडं येऊ, कारण आपल्या पोरांना नियम माहीत नसतो आणि सिनियरला आपल्याला तो माहीत नाही हे बरोबर माहीत असतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ साली रॅगिंगविरोधी विनियम काढले. रॅगिंग म्हणजे फक्त कपडे उतरवणं, मुरगा करणं नव्हे. नव्या किंवा जुन्या कुठल्याही विद्यार्थ्याकडून विद्यार्थ्यांनी पैसे उकळणं, त्याच्यावर जबरदस्तीनं खर्चाचा बोजा टाकणं, हेही त्या व्याख्येत रॅगिंगच आहे. महाराष्ट्राचा कायदा तर १९९९ पासूनच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तेव्हा "पास सगळ्यांना कंपल्सरी हाय, नाही घेतला तर बघ" असं कुणी म्हणालं तर त्याला थंडपणे सांगायचं, भाऊ, हे व्हॉट्सॅपवर लिहून पाठव. लिहून पाठवत नाही कुणी. १८००-१८०-५५२२ हा फुकट फोन आहे, लिहून ठेवा.

दुसरं, प्रवेशाच्या वेळची पावती घरी धूळ खात पडली असेल ती काढा. तिच्यावर जिमखाना, सांस्कृतिक, विद्यार्थी कल्याण असे रकाने सापडतील. म्हणजे स्वागताचे पैसे एकदा तुम्ही किंवा तुमच्या वतीनं सरकारनं दिलेले आहेत. २०१९ साली त्याच आयोगानं 'दीक्षारंभ' नावाचा कार्यक्रम काढला. नव्या पोरांना लायब्ररी कुठं, शिष्यवृत्तीचा कारकून कुठं बसतो, तक्रार कुणाकडं करायची, प्राध्यापकांशी ओळख कशी व्हायची, हे सगळं त्यात यावं असं ठरलं. (नाव ऐकून मला हसू आलं. आपण दीक्षा १९५६ लाच घेऊन मोकळे झालो.) तर खरं स्वागत ते आहे आणि त्याला पास नाही. पण होतं असं, की कागदावरचा दीक्षारंभ अर्ध्या तासात उरकतात, प्राचार्य हार घालून घेतात, आणि 'वेलकम' म्हणून जे पोरांच्या डोक्यात राहतं ते डी.जे.वालं.

आपल्यातला एकजण म्हणाला, "दादा, भीमजयंतीला आपण वर्गणी देतोच की. मग ही दिली तर काय बिघडलं?" प्रश्न चांगला आहे. मी त्यावर दोन दिवस विचार केला. भीमजयंतीला ज्यानं हजार दिले तो आणि ज्यानं दहाही दिले नाहीत तो, दोघं एकाच पंगतीत बसून जेवतात. मिरवणुकीत पावती बघून कुणी बाहेर काढत नाही. ज्याची ऐपत नाही तो मांडवाचे बांबू रोवतो, नाही रोवले तरी जेवतो. ती वर्गणी. आणि इथं मनगटाला कागदी पट्टी नसेल तर गेटवरचा पोरगा छातीला हात लावून मागं ढकलतो. ते तिकीट. तिकिटाला वर्गणी म्हणायचं ही लबाडी आहे. सिनेमाला आपण तिकीट काढतो, तक्रार करत नाही, पण सिनेमावाला "आमच्या कुटुंबात तुमचं स्वागत आहे" असं म्हणत नाही.

आता माझा अनुभव सांगतो, कॉलेजचं नाव घेत नाही. पहिल्या वर्षाला माझ्याकडं पासाचे पैसे नव्हते. कमिटीतला एक सिनियर मोठ्या मनानं म्हणाला, "काही हरकत नाही, तू खुर्च्या लावायला ये, तुला फुकट सोडतो." मी गेलो. खुर्च्या लावण्यात लाज कसली? बाप हमाली करायचा, आपल्याला ओझ्याची लाज नाही. तीनशे खुर्च्या लावल्या, सतरंज्या झटकल्या, रात्री पत्रावळ्या गोळा केल्या. पण भिंतीला 'व्हॉलंटिअर' म्हणून यादी चिकटवली होती, ती मी वाचली. सात नावं. सातातली पाच आमच्याच वस्तीची, एक मातंग समाजाचा, एक वडार. जात विचारून कुणी यादी केली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. कुणालाच जात विचारावी लागली नाही. फक्त विचारलं होतं, "पैसे आहेत का?" मित्रहो, व्यवस्था आता इतकी सभ्य झाली आहे.

आणि ते स्टेज. मुदखेडची फुलं नांदेडला जातात, हैदराबादेला जातात. गुलाब, झेंडू, मोगरा. पहाटे अंधारात आपल्या मायबहिणी दुसऱ्याच्या शेतात वाकून फुलं तोडतात. त्या रात्री स्टेजला झेंडूच्या माळा होत्या. झेंडू बिनपासाचा आत गेला होता.

पण थांबा. एवढं ऐकून तुम्ही 'बहिष्कार' म्हणून ओरडणार असाल तर मी तुमच्यासोबत नाही. इथंच मागं बसलेला एक पोरगा मला म्हणाला, "दादा, आमी काय जन्मभर निषेधच करायचा का? मला नाचायचंय." त्याच्यावर हसू नका. एल्फिन्स्टन कॉलेजात बाबासाहेब शिकत होते तेव्हा तिथला हॉटेलवाला त्यांना चहा आणि पाणीसुद्धा देत नव्हता. गायकवाड सरकारची महिन्याला पंचवीस रुपये शिष्यवृत्ती खिशात होती, पण त्या पैशाला तिथं चहा मिळत नव्हता. आज आपल्याला पैसे टाकून आत जाता येतं, हा फरक लहान नाही. तो फुकटही आलेला नाही. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. १९९४ उजाडलं तेव्हा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, आणि त्याच वर्षी आपलं नांदेडचं विद्यापीठ निघालं. तेव्हा आपल्या पोरानं कॉलेजच्या मैदानावर नाचावं, झक्कास नाचावं. गरिबीला दागिन्यासारखं मिरवायला मी सांगणार नाही. पाहुण्यासारखं भिंतीला टेकून उभं राहावं असंही नाही. मैत्री तिथं होते, हेही खरं आहे. नोट्स कोण देतो, कुठल्या सरांकडं कसं बोलायचं, हे कँटीनमध्ये आणि पार्टीतच कळतं. न जाणारा त्यातून तुटतो. म्हणून तर हा प्रश्न सोपा नाही.

तर माझं मत, हुकूम नव्हे. शिष्यवृत्तीच्या भरवशावर, किंवा उसने काढून पास घ्यायचा नाही. या एका गोष्टीत मी तडजोड मानत नाही. सुट्टीत काम करून ज्यानं चार पैसे कमावलेत त्यानं खुशाल घ्यावा आणि बाकीच्यांनी त्याला टोमणे मारू नयेत. तो फितूर झालेला नाही. पोरींचं वेगळं आहे. कार्यक्रम रात्री दहाला संपणार आणि मुदखेडची पोरगी घरी कशी येणार, हा विचार कमिटीत कुणीच केलेला नसतो. तिनं आठशे भरायचे आणि सहालाच निघून यायचं, म्हणजे जेवण दुसऱ्याचं, नाच दुसऱ्याचा. तिनं भरूच नयेत. आणि न जाणाऱ्यांनी "ताप आला होता", "मामाकडं गेलो होतो" ही नाटकं बंद करा. पैसे नव्हते, असं सरळ सांगा. चार जणांनी सांगितलं की पाचवा सांगतो. मग कळतं की वर्गातल्या अर्ध्यांकडं नव्हते, त्यात मराठ्याची पोरं होती, मुसलमानाची होती, बंजाऱ्याची होती, आणि सगळी आपापल्या ठिकाणी ताप आल्याचं सांगत बसली होती.

त्यांच्याकडं जा. त्यांना घेऊन प्राचार्यांकडं अर्ज द्या. मागणं फार नाही. ओळखीचा, गाण्यांचा, कलागुणांचा कार्यक्रम दिवसा, प्राध्यापकांसमोर, सगळ्यांना फुकट. ज्याला जेवण आणि टी-शर्ट पाहिजे त्याचं तिकीट वेगळं, आणि त्याची छापील पावती. खुर्च्या कमिटीसकट सगळ्यांनी लावायच्या. जमाखर्च नोटीस बोर्डावर लावायचा. प्राचार्य नाही म्हणाले तर तेही लेखी मागा.

अर्ज मी लिहून आणला आहे, दोन पानं आहेत. ज्यांची कॉलेजं वेगळी त्यांनी वरचं नाव बदलून उतरवून घ्या. सह्यांचा कागद मागच्या रांगेपासून फिरवा, पुढचे नेहमीच आधी सही करतात. आणि ज्यांना साडेसातची गाडी धरायची त्यांनी आधी करा.