होज पाईपाचे वय

श्रोतेहो, मुंबईत कांदिवलीला अमोल यादव या वैमानिकाने आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली. घरी विमान बांधणे मोठेच काम. पण बांधले म्हणजे झाले नाही, ते सांभाळावेही लागते. आज अशा विमानातल्या एका लहान वस्तूविषयी बोलू. ही वस्तू नांदगाव पेठच्या शिवारातल्या ट्रॅक्टरवरही असते. ती म्हणजे तेलाचा होज पाईप.

लहान विमानाचे ब्रेक बहुधा तेलाच्या दाबावर चालतात. जिथे भाग हलता असतो तिथे धातूची ताठ नळी चालत नाही. म्हणून लवचिक पाईप लावतात. आत रबर, मध्ये तारेची किंवा धाग्याची वीण, वर पुन्हा रबर. आता गंमत अशी, की रबर केवळ कामाने म्हातारे होत नाही. विमान वर्षभर छपराखाली उभे असले तरी उष्णता, हवा आणि तेल त्याला खातच असतात. कधी पाईप वरून धड दिसतो, पण आतले अस्तर सुटलेले असते. मग पाय दाबला की तेल पुढे जाते, परत मात्र येत नाही, आणि चाक जखडून राहते.

म्हणून जाणता विमानवाला गळतीची वाट पाहत नाही. पाईपावर छापलेली तारीख तो वहीत उतरवतो आणि साधा रबरी पाईप पाचेक वर्षांनी बदलतो. वाकल्या जागी कडक झालेला जुना पाईप काढला, तर तो सरळ करून पुन्हा बसवत नाही. सरळ करताना तो तडकतो.

आणि आपण? "अजून गयत नाई ना भाऊ, चालू द्या या हंगामापुरतं!" बंधूंनो, ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब चौरस इंचाला दोन-अडीच हजार पौंडांपर्यंत जातो, मोटारीच्या चाकातल्या हवेचा असतो तीसेक. उचललेल्या ट्रॉलीचा पाईप फुटला, तर खालच्या माणसाला निसटायला वेळ मिळत नाही. म्हणून भक्कम टेकू दिल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नका. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. बारीक छिद्रातली चिळकांडी कातडीत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही; तरी त्याच तासाला दवाखाना गाठा आणि दाबाचे तेल आत गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हयगय झाली तर बोट कापावे लागते.

गुरुजनहो, सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या एका रबरी नळीने जोडा, पाणी भरा आणि मुलांना एक दांडा दाबू द्या. दुसरा वर येईल. मग विचारा, नळी फुटली तर काय होईल? उत्तर मुलेच देतील, आणि घरी जाऊन बापाला पाईपाची तारीखही विचारतील.