गावापुरते चलन

जुलै 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले आणि लवकरच प्रजासत्ताकाच्या ताब्यातील प्रदेशात चांदीची नाणी बाजारातून दिसेनाशी झाली. पेसेटा या तेव्हाच्या स्पॅनिश चलनाच्या या नाण्यांत खरी चांदी होती, तर बँकेच्या नोटेचे उद्या काय होईल याची कोणालाच शाश्वती नव्हती. म्हणून लोकांनी नोटा खर्चायला काढल्या आणि चांदी घरात दडवली. भरवशाचे नाणे साठवले जाते व कमी भरवशाचे तेवढे हातोहात फिरते, या प्रवृत्तीला अर्थशास्त्रात ग्रेशमचा नियम म्हणतात.

पाव विकत घ्यायला मोड नाही आणि मजुरी चुकती करायला सुटे पैसे नाहीत, अशी अडचण झाली, तेव्हा नगरपालिकांनी, काही ठिकाणी सहकारी संस्थांनी आणि कामगार संघटनांनीही, स्वतःच्या छोट्या नोटा छापल्या. त्या बहुधा पंचवीस वा पन्नास सेंतिमोंच्या (सेंतिमो म्हणजे पेसेटाचा शंभरावा भाग) किंवा एका पेसेटाच्या असत. कातालोनियात या प्रथेने विशेष मूळ धरले. तेथील शेकडो गावांनी कातालान भाषेत नोटा काढल्या आणि स्वायत्त सरकारनेही अडीच, पाच व दहा पेसेटांच्या नोटा चलनात आणल्या. आरागोनमधील काही सामूहिक शेती करणाऱ्या गावांनी पैसाच रद्द करून वापरलेली कुपने मात्र वेगळ्या हेतूची होती आणि त्यांची या नोटांशी गल्लत करणे योग्य नाही.

गावाच्या नोटेचे मोल कशावर उभे होते, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. अनेक नगरपालिका नोटेइतकी रक्कम बँकेच्या नोटांच्या रूपाने तिजोरीत ठेवण्याची आणि मागणी होताच बदलून देण्याची हमी देत. तरीही ही हमी बहुधा वेशीपुरतीच चाले आणि शेजारच्या गावात तीच नोट नाकारली जाऊ शके. तुटपुंज्या साधनांनिशी रोजचा व्यवहार चालू ठेवणाऱ्या या नगरपालिकांचे श्रेय मोठे आहे.

जानेवारी 1938 मध्ये केंद्रीय सरकारने हे चलन परत घेण्याचा हुकूम काढला. परंतु सुट्या नाण्यांची टंचाई कायम असल्याने त्याच वर्षी पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवर टपाल तिकिटे चिकटवून त्याच पैसे म्हणून चालवाव्या लागल्या. प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या विजयानंतर प्रजासत्ताकाचे युद्धकालीन चलन बाद ठरले आणि ज्यांची बचत याच कागदांत होती त्यांना भरपाई मिळाली नाही.