राहिलेली मागणी

संमेलनाच्या अध्यक्षाने आधी आभार मानायचे अशी पद्धत आहे. ते कार्यक्रमपत्रिकेवर छापलेले आहेत, वाचून घ्या. मला वेळ कमी दिलाय आणि भांडण मोठं आहे.

मघाशी इथे कामावर जायबंदी झालेल्या आपल्या काही सहकाऱ्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. सूत्रसंचालकांनी त्यांना 'जिद्दीचे धनी' म्हटलं, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यांचा पगार चालू आहे की बंद, हे कोणी विचारलं नाही. मी शेजारी बसलो होतो, हळूच विचारलं. दोघांचा बंद आहे. आता वाजवा टाळ्या.

आपण स्वतःला नारायण मेघाजी लोखंडे यांचे वारस म्हणवतो. १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. एवढं आपल्या भाषणांत नेहमी येतं. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर मोठी दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय. देशात भरपाईचा कायदा यायला तेव्हा अजून एकोणचाळीस वर्षं होती! १० जून १८९० ला रविवार मिळाला आणि त्या रविवारच्या गौरवात आपण ही मागणी कपाटात ठेवून दिली. गिरण्या गेल्या. आज संघटना उरली आहे ती मुख्यतः महापालिकेत, एसटीत, वीज कंपन्यांत, सरकारी दवाखान्यांत. म्हणून हा जाब मी गिरणीमालकांना विचारत नाही, तुम्हाला विचारतो.

कोणी म्हणेल, आम्ही विमा काढून दिला. काढला ना. वर्षाला वीस रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे फॉर्म भरायची शिबिरं घेतली, पुढाऱ्याचा फोटो पेपरात आला. त्या योजनेत दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे कायमचे गेले तर २ लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. मणक्याची गादी सरकून चार महिने घरी आडवे पडलात तर काहीही नाही. स्वस्त विम्याला मी नावं ठेवत नाही. पण वीस रुपयांत किती मिळणार हे ज्याला कळतं, त्याने त्यावर 'कामगारांना संरक्षण' असं लिहू नये.

१९२३ च्या भरपाई कायद्याचं परिशिष्ट ज्यांनी वाचलं असेल त्यांना त्यातला हिशेब ठाऊक असेल. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती ३० टक्क्यांनी घटली असं धरतात. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. करंगळी ७. पगार कितीही असो, २०२० साली हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० ची मर्यादा ठरली. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७. गुणाकार करा, १४ टक्के काढा, तर्जनीचे साधारण २ लाख ३२ हजार होतात. निदान बोट दिसतं, मोजता येतं. आपल्या लोकांचं शरीर असं एका फटक्यात जात नाही, ते हप्त्याहप्त्याने जातं.

सकाळी कुठल्याही हजेरी चौकीवर जाऊन बघा. बाकावर एक जण बसलेला असतो, सदऱ्याच्या आत कमरेला पट्टा. हा मोटर लोडर. वीस वर्षं ओला कचरा डोक्याच्या वर उचलून गाडीत टाकला, आता वाकता येत नाही. मुकादम त्याला गाडीवर पाठवत नाही. चौकी झाडायला, वहीत नावं लिहायला ठेवतो. याला आपण 'लाईट ड्युटी' म्हणतो. कुठल्या कागदावर? कुठल्याच नाही. त्याच्या वाटचं ओझं गाडीवरचे बाकीचे उचलतात, म्हणजे पुढची कंबर कोणाची जाणार हेही ठरलेलं असतं. मुकादम भला आहे तोवर हे चालतं. तो बदलला की हाच माणूस कामचुकार. मग अर्जित रजा, मग अर्धपगारी, मग बिनपगारी. एसटीच्या आगारात तेच. मुक्कामी गाडीत झोपून पहाटे स्टिअरिंगला बसणाऱ्या चालकाचे गुडघे, मणका, डोळे. यातलं अपघात विम्यात काय बसतं? अपघातच झालेला नाही!

कंत्राटी सफाई कामगाराला राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, कागदावर तरी बरी तरतूद आहे. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, साध्या आजारपणात वर्षातून ९१ दिवस ७० टक्के. कंत्राटदार पगारातून कापून घेतो आणि भरत नाही ही गोष्ट वेगळी, तिच्यावर कधीतरी याच मंचावरून नावानिशी बोलू. पण कायम कामगाराला तेवढंही नाही. त्याच्या हाती रजेचा हिशेब. राज्य सरकारच्या १९८१ च्या रजा नियमांत विशेष विकलांगता रजा नावाची रजा आहे. समोर बसलेल्या पदाधिकाऱ्यांपैकी किती जणांनी तिचा अर्ज एकदा तरी भरून दिला आहे? हात वर करा. असू द्या, नका करू.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०, पोटकलम ४. सरकारी आस्थापनेतल्या माणसाला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दा उतरवता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर, त्याच सवलतींवर दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचं. 'अधिसंख्य' हा शब्द मंत्रालयाला नवा नाही. जातीचे दाखले अवैध ठरले तेव्हा याच सरकारने हजारो माणसं अधिसंख्य पदांवर नेऊन बसवली. पाय गेलेल्या माणसासाठी तोच शब्द का आठवत नाही?

आणि हे २०१६ पासूनच आहे असंही नाही. १९९५ च्या कायद्यातही कलम ४७ होतं. एका सुरक्षा दलातल्या शिपायाचा पाय कापावा लागला, त्याला रुग्णता निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवलं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन दिली म्हणून हे संरक्षण संपत नाही. त्याला वीस वर्षं उलटून गेली, तरी आपल्या कार्यालयांत 'मेडिकल अनफिट' म्हणजे घरी. वर साहेब विचारतात, प्रमाणपत्रावर ४० टक्के आहेत का? ४० टक्क्यांची अट आरक्षणाची आहे. कलम २०(४) मध्ये टक्क्याचा उल्लेखही नाही. साहेबाला हे माहीत नसेल तर समजू शकतो. युनियनच्या सरचिटणिसाला माहीत नसावं?

आता जे बोलणार आहे त्याने काही जण उठून जातील. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला, वारला किंवा वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला तर वारसाला नोकरी मिळते. हा हक्क लढून मिळवलेला आहे, त्याला हात लावू नका असंच मीही म्हणेन. पण त्याचं आपण काय केलं? ज्याची कंबर गेली त्याला चौकीवरच सल्ला मिळतो: ''दादा, अनफिट हो, पोराला चिकटव.'' उपचार नको, पर्यायी काम नको, भांडण नको. बाप घरी, आणि बारावी झालेला पोरगा त्याच गाडीवर, तोच कचरा उचलायला, त्याच मणक्यासकट. आपल्या अपंगत्व विम्याचा हप्ता पुढची पिढी शरीराने भरते आहे. झाडू पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींच्या हातात राहतो तो असा, आणि त्या कागदावर शिफारस आपल्या युनियनच्या लेटरहेडची असते. त्या बापाला मी दोष देत नाही, त्याच्यापुढे दुसरा दरवाजाच उघडा नव्हता. तो उघडून ठेवणं आपलं काम होतं.

उघडतो का दरवाजा? तेलंगणात उघडला. एसटीसारख्याच तिथल्या परिवहन महामंडळातला एक चालक रंगांधळा ठरला, त्याला घरी बसवलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पर्यायी कामावर परत घ्यायला लावलं. त्याला वाचवलं ते १९७९ साली संघटना आणि महामंडळ यांच्यात झालेल्या एका समझोत्याने. रंगांधळ्या ठरलेल्या चालकाला पर्यायी काम द्यायचं, एवढं एक कलम कोणीतरी पंचेचाळीसहून जास्त वर्षांपूर्वी हट्टाने लिहून घेतलं होतं. ती माणसं आज कुठे असतील कोण जाणे. आपल्या शेवटच्या करारात काय आहे? मी वाचलाय. महागाई भत्ता आहे, धुलाई भत्ता आहे, सणाची उचल आहे. जायबंदी माणसाबद्दल एक ओळ नाही.

आणि इथे बसलेली तुम्ही लेखक मंडळी, गालात हसू नका. आमच्या कामगार कवितेतला हात कायम वळलेल्या मुठीचा. ज्याची तीन बोटं गेली त्याची मूठ कशी वळते हे कोणी लिहिलंय? कथेतला अपंग कामगार एक तर तिसऱ्या पानावर मरतो, नाहीतर दारूला लागतो. तो मेडिकल बोर्डाच्या रांगेत तिसऱ्यांदा उभा आहे, फाईल दुसऱ्या टेबलावर अडकली आहे आणि बायको धुणीभांडी धरते आहे, हे लिहायला कष्ट पडतात, कारण त्यासाठी नियम वाचावे लागतात.

दुपारच्या सत्रात ठराव आहेत. यादीत 'दिव्यांग कामगारांना शासनाने सहानुभूतीने वागवावे' असा एक आहे. तो मी अध्यक्ष म्हणून मांडू देणार नाही. त्या जागी हे लिहून घ्या. पुढच्या कराराच्या मागणीपत्रात पहिलं कलम असं असेल: कामावर असताना आलेलं अपंगत्व, मग ते एका दिवसात आलेलं असो की वीस वर्षांत, बरं होईपर्यंत पूर्ण पगार, परत येताना काम, वेळ आणि हत्यारं त्या माणसाच्या शरीराप्रमाणे बदलून देणार, आणि हे ठरवणाऱ्या समितीत डॉक्टर, प्रशासन, युनियन यांच्याबरोबर तो माणूस स्वतः बसणार. हे मान्य होईपर्यंत भत्त्याच्या आकड्यावर सही नाही. सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक मला मंचावरून नको, पगार बंद असलेल्या त्या दोघांपैकी एक हवा.