आधी नक्कल, मग पेचकस

(स्नेहमेळाव्यातील भाषण)

आपल्या धुळ्याच्या प्रयोगशाळेत रेडिओ उघडण्याआधी सर कोणती तार कुठे आहे, याचं चित्र वहीत काढून घ्यायचे. तेव्हा कंटाळा यायचा. त्याचा उपयोग मला जळगावला, स्वतःच्या घरी झाला.

दोन वर्षांपूर्वी अण्णा झोपेतच गेले. दशक्रियेच्या संध्याकाळी आई म्हणाली, "आदल्या दिवशी ते ओट्यावर बसले होते. कॅमेऱ्यात असतील ना रे?"

मी हिशेब केला. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे दिवसाला सुमारे ८६ जीबी. डिस्क १ टीबीची. साडेअकरा दिवसांत ती भरते आणि सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहिते. जेमतेम दीड दिवस उरला होता. मी आधी डीव्हीआरचा प्लग काढला.

पासवर्ड फक्त अण्णांना ठाऊक. दुरुस्तीवाला म्हणाला, "भो, रीसेट करतो, पण डिस्क फॉरमॅट झाली तर मला म्हणू नको." डिस्क काढून घरच्या संगणकाला लावली, तर विंडोजनेही विचारलं, फॉरमॅट करू का? मी घाईने 'नाही' दाबलं.

मग आठवलं, या डब्याच्या आत लिनक्स आहे. १९९९ साली अमेरिकेत आलेला टिव्हो हा टीव्ही रेकॉर्डरही लिनक्सवरच चालायचा. लोक तो घरी उघडून मोठी डिस्क बसवत, पण आधी मूळ डिस्कची नक्कल करून ठेवत. सरांचीच शिकवण ती!

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, 'डीडी' या आदेशाने रात्रभर अख्ख्या डिस्कची नक्कल घेतली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. नक्कल फक्त वाचण्यापुरती जोडली आणि 'एफएफएमपेग'ने त्यातल्या फाइली साध्या व्हिडिओत बदलल्या. अण्णा दिसले. आवाज नाही. ओट्यावर बसून शेजारच्या पोराला शेंगा सोलून देत होते. आईने ते तीनदा पाहिलं.

नंतर पासवर्ड रीसेट करून घेतला, ४ टीबीची डिस्क बसवली. आता दीड महिन्याचं चित्रण राहतं. आपल्याकडचा मे महिना डिस्कला सोसत नाही, म्हणून झाकणाला भोकं पाडून १२ व्होल्टचा छोटा पंखाही लावला. नवा पासवर्ड आईच्या डायरीत आहे.

आज घरी गेल्यावर तुमचाही पासवर्ड घरात आणखी कुणाला तरी सांगून ठेवा.

सर, वहीतलं ते चित्र कामी आलं.